आबा आणि गुलाबी बडीशेप

गेल्या मे महिन्यातली सकाळ. नेदरलँड्समधल्या एका खेड्यात, पाण्याच्या कडेकडेने, मी माझ्या वडिलांना, आबांना, हाका मारत पळत होते... आज लिहिताना हसू येतंय. तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं.

माझा धाकटा भाऊ नीलेश नोकरीसाठी तिकडे असतो. तो फारच हट्ट धरून बसल्यावर मी शिरूरहून आणि आबा खुटबावहून निघालो. आईला गुरं सोडून यायचं नव्हतं, ती घरीच राहिली.

नीलेशने चार दिवस खेड्यांतून फिरायचं ठरवलं होतं. गाडी भाड्याची, मुक्काम एका शेतकऱ्याच्या खोल्यांत. जिकडे बघावं तिकडे सपाट हिरवं रान, मधून मधून पाण्याचे चर आणि गाई... आम्ही पवनचक्कीसमोर फोटो काढायचो आणि आबा तिच्याकडे पाठ करून गाईंच्या कासा बघत उभे राहायचे.

अडचण एकच, खाण्याची. ब्रेड आणि चीज त्यांच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शुगरची गोळी घेतली आणि बशी बाजूला सारली.

मी वैतागले. इथं भाकरी मिळणार नाही, जे आहे ते खायचं, रोज काय तेच, असं बरंच काही बोलून गेले. ते खिडकीतून गाईंकडे बघत बसले. मी आवरायला आत गेले... बाहेर आले तर आबा नाहीत. त्यांचा फोन खोलीतच चार्जिंगला लावलेला.

आधी वाटलं, गोठ्याकडे असतील. तिथं नव्हते. मग नीलेश सायकल घेऊन एका बाजूला गेला, मी दुसऱ्या बाजूला.

तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी आणि त्याला कठडा नाही. मी प्रत्येक चरात वाकून बघत होते. गोळी घेतलेली, पोटात काही नाही, भाषा येत नाही, आणि वर माझं बोलणं... इतकं सपाट रान, लांबवरचं झाड न् झाड दिसतंय, पण माझा माणूस काही दिसेना.

अर्ध्या तासाने एका वळणावर घर लागलं. अंगणात लाकडी करकोचा उभा केलेला, चोचीत गुलाबी कापडाचं गाठोडं... घरात बाळ आलं की तिकडे असा उभा करतात, हे नंतर कळलं. दाराला फुगे. आणि पायरीवर, लाकडी बुटांच्या शेजारी, नीट जोडून ठेवलेल्या आबांच्या चपला!

मी नीलेशला फोन केला आणि दार वाजवलं. पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. आत आबा खुर्चीत बसलेले, डोक्यावर टोपी, हातात बशी. समोर कोचावर एक तरुण बाळंतीण आणि तिच्या कुशीत चार दिवसांची मुलगी.

मला रडूच फुटलं. आबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पूनम, म्या रुसून न्हाई गेलो गं. गाया बघाया गेलो व्हतो."

मागोमाग नीलेश आला, त्याला डच येतं, तेव्हा सगळा उलगडा झाला. आबा गाई बघत बघत लांब गेले. हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून ते या घराच्या पायरीवर बसले. तिकडे बाळंतिणीकडे पहिला आठवडाभर नर्स घरी येते... दार उघडणाऱ्या बाई त्याच. त्यांनी आबांचा घाम बघितला. आबांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि पोटावर हात ठेवला. त्या बाईंना तेवढं पुरलं. आधी साखरपाणी पाजलं, मग बशी दिली.

बशीत काय, तर गोल टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेत घोळवलेली गुलाबी-पांढरी बडीशेप! बाळ बघायला येईल त्याला हे द्यायची तिथली पद्धत. मुलगा झाला तर निळी-पांढरी. आबांनी असे तीन टोस्ट खाल्ले होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच पोटभर.

निघताना त्या बाळंतिणीने आमचा पत्ता लिहून मागितला. मला वाटलं, असंच, चांगुलपणाने विचारत असेल.

परत आल्यावर आईला यातलं काहीच सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. उगीच जीवाला घोर कशाला...

आणि जूनच्या शेवटी मी खुटबावला गेले होते, तेव्हा पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. आत बाळाच्या नावाचं छापील कार्ड, तेही पाठवायची तिकडे रीत आहे. खाली हाताने इंग्रजीत दोन ओळी. आई म्हणाली वाच, आणि मीही भोळेपणाने वाचत गेले. आजोबांची शुगर आता कशी आहे? आमच्या पायरीवर ते पुन्हा केव्हाही बसू शकतात.

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबा उठून गोठ्याकडे निघून गेले. मला सगळं सांगावंच लागलं.

दिवसभर ती आमच्यावर धुसफुसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंक उघडली, एक मऊ सुती लुगडं काढलं आणि बाळासाठी दुपटं शिवायला बसली. आबा शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. काठ गुलाबी पाहिजे, पोरगी हाय, असं त्यांनी दोनदा बजावलं.

दुपटं गेल्या आठवड्यात पोस्टाने पाठवलं. घडी घालताना आई एवढंच म्हणाली, "त्या बाईनं दार उघडलं म्हणून माझा मानूस घरला आला."

त्या नर्सबाईंचं नाव विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलं. पण आता आमच्या घरी कुणीही अनोळखी माणूस पायरीवर टेकला, की आई आधी पाणी घेऊन जाते आणि मग विचारते, काही खाल्लंय का...