अंगात आलेलं गाणं

माझा थोरला पोरगा कागलच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होता. सुट्टीदिवशी तो आणि त्याचे मित्र आमच्या परड्यातल्या पत्र्याच्या खोलीत गिटार, ड्रम वाजवायचे. या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात, एवढं त्यानं मला सांगितलं होतं. त्यांना एक अल्बम करायचा होता. सगळी गाणी मिळून एका गावाची गोष्ट. पहिल्या गाण्यात माणसं एकमेकांचं ऐकतात, मग हळूहळू ऐकणं बंद होतं, शेवटच्या गाण्यात सगळे एकदम ओरडतात. बोल इंग्रजी. मी चौथी शिकलेली, मला ते कळत नव्हते. पण तो घशाच्या तळातून असा आवाज काढायचा की कणीक मळताना माझे हात थांबायचे.

शेजारी म्हशींचा गोठा होता. गोठेवाले भिंतीवरून म्हणायचे, "वैनी, पोराला आवरा. म्हस पान्हा चोरती माझी." मी मान खाली घालायची. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या, तरी आवाज जायचाच.

एका पौर्णिमेला मात्र ते भांडायला आले नाहीत. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याशी नारळ ठेवला आणि खोलीकडं बघून हात जोडले. पोराच्या अंगात देव येतोय, असं त्यांना वाटलं होतं. आम्ही बौद्ध. घरातले देव सासऱ्यांच्या काळातच गेले. संध्याकाळी तो नारळ बघून आमचे मालक जेवले नाहीत. पोरगा मात्र हसला. "आता म्हस दूध देत आसंल की," म्हणाला.

चार दिवसांनी गोठेवाल्यांची बायको आली. तिची लेक पावसाळ्यापासून माहेरी होती. नवरा मारायचा. पाठीवरचे वळ मी स्वतः बघितले होते. पण बाप तिला परत पाठवायला निघाला होता.

"आक्का, गाणं हाय त्ये, मला ठावं हाय," ती हळूच म्हणाली. "पर आमच्या मालकास्नी देव वाटतोय न्हवं? त्याच आवाजात एकदा म्हणायला सांगा, लेकीला धाडू नगंस म्हणून. माझं ऐकत न्हाईत. देवाचं ऐकतील."

पोरगा आतून ऐकत होता. बाहेर येऊन तिच्यापुढं बसला.

"काकू, खोटा देव कसा हू मी?"

"एका वाक्यापुरता तर हो."

"उद्या दुसरं कोण ईल इचारायला. मग?"

मालक आतूनच म्हणाले, "आमच्या घरात ह्ये न्हाय व्हायचं."

"मी काकांशी सरळ बोलतो," पोरगा म्हणाला.

"बोल की," ती उठली. "तू कोण सांगणारा, म्हणतील."

तो गोठ्यात गेला. मी भिंतीअलीकडं उभी होते. "काका, माझ्या अंगात काय येत न्हाई. गाणं म्हणतोय मी. पर तिला धाडू नका. मारतोय त्यो तिला."

दुधाच्या धारेचा आवाज थांबला नाही. मग गोठेवाले म्हणाले, "म्हंजे इतकं दिस फुकटच भ्या घातलंस व्हय रं म्हशींस्नी? माझ्या घरचं मी बघतो. तू जा."

त्याच आठवड्यात लेकीला सासरी धाडायला राधानगरीच्या एसटीत बसवलं. देव नाही, नुसता गोंगाट आहे म्हणून गल्लीनं आमच्या खोलीतलं वाजवणंही बंद पाडलं. शेवटचं गाणं पोरांनी जयसिंगपुरात कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये केलं. सीडी घरी आली तेव्हा मी ऐकली. शेवटच्या गाण्यात नुसतीच वाद्यं होती.

"वरडणार हुतास न्हवं हितं?" मी विचारलं.

"त्यो आवाज निघंना, आई."

पोरगं खरं बोललं म्हणून मालकांना अभिमान आहे. मलाही आहे. तरी कपडे वाळत घालताना मी भिंतीकडं पाठ करते. पलीकडं गोठेवाल्यांची बायको असते.

दिवाळीला तिची लेक आली. आमच्या दारात उभी राहिली. हात वाळून बांगड्या पार कोपराकडं सरकलेल्या.

"काकू, दादा हाय?"

"कंपनीत, पाळीला गेलाय. का गं?"

"मला शिकवंल का त्यो? तसं वरडायला?" ती हसत नव्हती.

मी तिला आत बसवलं, चहा केला. त्याची पाळी रात्री सुटणार होती. तिची एसटी चारची होती.