आईंनी धरलेलं सुतक

"तुला एकच ना?" असं कुणी विचारलं की मी "हो, एकच" म्हणते आणि विषय संपवते. माझं दुसरं बाळंतपण लोक मोजत नाहीत. मीही चारचौघांत मोजत नाही.

आम्ही गुजरातेत, कारेलीबागेत राहतो. मी, नवरा, मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. मी घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मुलगी पहिलीत होती. पाचव्या महिन्यात एका सकाळी आतून काहीतरी हलकंसं लागलं. ते मी नवऱ्याच्याही आधी आईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"आला," त्या म्हणाल्या. "आला जीव. आता जपून चालत जा."

त्याच आठवड्यात मोठी सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई गुजराती, बोलक्या. "जुओ बेन, आ पग," असं म्हणत पडद्यावर पाय दाखवत होत्या. मग त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तीच जागा पाहिली आणि नवऱ्याला आत बोलावून घेतलं.

बाळाची दोन्ही मूत्रपिंडं तयारच झाली नव्हती. भोवतालचं पाणी जवळजवळ नव्हतं आणि पाणी नसलं की फुप्फुसं वाढत नाहीत.

"आत्ता त्याला काही होतंय का? दुखतंय का?" मी विचारलं.

"ना बेन. आत्ता त्याचं सगळं काम तुमचं शरीर करतंय. तुमच्या आत आहे तोवर ते जगेल. बाहेर आल्यावर श्वास घेता येणार नाही. काही मिनिटं, फार तर काही तास."

यावर उपाय नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मूल ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, कायदा अशा वेळी परवानगी देतो, पण आधी दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा, असं म्हणाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्याने आईंना सगळं समजावलं. तो इंजिनियर आहे, पायरीपायरीने सांगतो. शेवटी म्हणाला, "त्यामुळे प्रोसिजर लवकरात लवकर करून घेतलेली बरी."

"कसली प्रोसिजर?" आईंनी विचारलं.

त्याने रिपोर्टची फाइल त्यांच्यापुढे सरकवली.

"ते हलतंय," आई म्हणाल्या. "मी हात लावून पाहिलंय. डॉक्टरीणही म्हणते ना, आत आहे तोवर जगेल? मग जगू दे की. त्याचं जेवढं असेल तेवढं."

"आई, अगं, अजून ते पूर्ण मूलसुद्धा नाहीये. त्याला कळत काहीच नाही."

"तुला कळत होतं पोटात असताना? मग तुला का ठेवलं मी?"

तो उठून गॅलरीत गेला. मी बसून राहिले. त्या दोघांचं भांडण माझ्या पोटावरून चाललं होतं आणि मला दोघांचंही पटत होतं. हा विषय मी दर वर्षी शिकवते. फळ्यावर एक गोल काढून, ही पहिली पेशी, इथून सुरुवात, असं सांगते. मुलं वहीत उतरवून घेतात. ती सुरुवात नेमकी कशाची, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निजामपुऱ्याला माहेरी गेले. माझे वडील संस्कृतचे प्राध्यापक होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शास्त्राचं वाचन. मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, जीव कधी येतो?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "काही म्हणतात, पहिल्या क्षणापासून. काही म्हणतात, मागाहून येतो. जुने वैद्य चौथ्या महिन्यापासून बाईला दोन हृदयांची, दौहृदिनी म्हणतात. डोहाळे हा शब्द तिथूनच आला, असं सांगतात."

"म्हणजे आला."

"बेटा, तुला जे पाहिजे ते ग्रंथात सापडेल. मी काढूनही देईन. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यातल्या एकाच्याही पोटात मूल नव्हतं." ते चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले. "मला यातलं काही विचारू नकोस गं. मी फक्त तुझ्याबरोबर येईन, कुठेही."

परत आले तेव्हा नवरा मुलीला क्लासला सोडायला गेला होता. आई एकट्याच होत्या. त्यांनी मला चहा दिला, समोर बसल्या आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"तुझे सासरे करजणला नोकरीला होते तेव्हा मला पहिला मुलगा झाला. हा नव्हे, याच्या आधीचा. निळा पडला होता जन्मतःच. एक दिवस होता. त्या एका दिवसात मी त्याला पाजलं, अंगाशी घेतलं, बोटं मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला." त्या खाली बघत होत्या. "लोक म्हणाले, एकाच दिवसाचा तर होता. पण तो दिवस माझा आहे. तो मी कुणाला देणार नाही. तुलाही मिळावा असं मला वाटतं. दुसरं काही नाही गं."

मला वाटलं होतं, त्या पापपुण्याचं बोलतील. त्याला मी उत्तर देऊ शकले असते.

मी म्हटलं, "आई, तुमचं बाळ श्वास घेत होतं. माझं नुसतं गुदमरेल. त्याला या जगात तेवढंच मिळेल. आत आहे तोवर त्याला काही त्रास नाही. मला त्याला तिथेच... तिथेच निरोप द्यायचाय."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती. "तू त्याची आई आहेस. तू ठरव. पण मी तिथे येणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

दवाखान्यात नवरा होता आणि बाबा होते. गोळ्या दिल्या, मग कळा सुरू झाल्या. अगदी बाळंतपणासारख्याच कळा. शरीराला फरक कळत नव्हता. ते आपलं काम मनापासून करत होतं. दुपारी बाळ झालं. रडण्याचा आवाज येणार नाही हे ठाऊक होतं, तरी मी कान लावून होते.

"बेन, जोवुं छे?" नर्सने हळूच विचारलं. बघायचंय का?

नवरा "नको" म्हणाला, मी "हो" म्हटलं. तिने पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मुलगी होती. भुवयांच्या जागी बारीक रेघा होत्या. या महिन्यात भुवया येतात हे मी वर्गात शिकवते. नखंही होती. मी तिला म्हटलं, "झालं हं, झालं." आणखी काही सुचलं नाही. नवऱ्याने आधी पाठ फिरवली होती. मग तो वळला आणि त्याने एका बोटाने तिच्या कपाळाला स्पर्श केला.

एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. तो आणि बाबा तिला घेऊन गेले. परत आला तेव्हा चपलांना माती होती. माझ्या खाटेशी बसून म्हणाला, "फार हलकी होती गं." मग माझ्या पांघरुणात तोंड खुपसून तो रडला. प्रोसिजर हा शब्द मी त्याच्या तोंडून नंतर कधी ऐकला नाही.

घरी आलो तर देवघराचा पडदा ओढलेला, समई थंड. आई रोज पहाटे पूजा करणाऱ्या.

नवऱ्याने विचारलं, "आज पूजा नाही?"

"सुतक आहे," आई म्हणाल्या. "घरात माणूस गेलंय."

"गुरुजींना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, अशा वेळी फक्त आईला असतं, तुम्ही नुसती अंघोळ करा. मी धरणार."

माझ्या मैत्रिणी फोनवर सांगत होत्या, बरं झालं वेळेवर कळलं, अजून वय आहे, पुन्हा होईल. सगळ्या मायेने बोलत होत्या, आणि मी फोन ठेवला की मला वाटायचं, काही झालंच नाही का मग? माझ्या निर्णयाला विरोध करणाऱ्या त्या एकट्या बाईने, कुणीतरी होतं आणि गेलं, असं घरात उघड म्हटलं. ते मला लागलं आणि त्याचाच आधारही वाटला.

तीन-चार दिवसांनी मला दूध आलं. ते येऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी बाथरूममध्ये भिजलेला गाऊन बघून मी खाली बसले. आईंनी दार ढकललं. काही न विचारता आपलं जुनं मऊ लुगडं फाडून आणलं आणि माझी छाती घट्ट बांधायला लागल्या.

"मला पटलेलं नाही," गाठ मारताना त्या म्हणाल्या. "आजही नाही. पण दूध आलंय, त्याला काय करणार. माझंही असंच बांधलं होतं." मग बांधलेल्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही दोघी रडलो, पण एकाच गोष्टीसाठी नसावं बहुतेक.

त्यानंतर मला मूल झालं नाही. आम्ही प्रयत्नही सोडून दिला.

मागच्या वर्षी बाजूच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका महाराजांचं प्रवचन होतं. आईंचे गुडघे आता धरतात, म्हणून मी सोबत गेले. गर्भाची गोष्ट निघाली. महाराज म्हणाले, पोटातलं मूल घालवणारी बाई खुनी, तिच्या हातचं पाणी पिऊ नये. बायका माना डोलावत होत्या. मी चटईच्या काडीकडे बघत राहिले. शेजारी आईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि भर प्रवचनात उठून उभ्या राहिल्या.

"चल," म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. "तहान लागलीय. घरी जाऊन तुझ्या हातचं पाणी पिते."

चप्पल घालायला त्यांना वेळ लागला. फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, पण तुम्हाला तर तेच वाटतं ना? ते म्हणाले तेच?"

"मला काय वाटतं ते मी तुला तेव्हाच सांगितलं. तुझ्या तोंडावर, तुझ्या घरात," त्या म्हणाल्या. "त्यांनी कुणाची छाती बांधलीय?"

रस्त्यावर स्कूटरींची गर्दी होती. त्या माझा दंड धरून सावकाश चालत होत्या. वळणावर दम खायला थांबल्या, तेव्हा समोरून शाळेच्या रिक्षातून मुली उतरत होत्या. आई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "आपलीही एवढी झाली असती."

मी "हो" म्हटलं.