टीचर, खरं की खोटं?

बालवाडीच्या बाईला लग्नकार्यात कोणी सुखाने जेवू देत नाही. पहिला घास तोंडात जायच्या आत कोणीतरी खुर्ची सरकवून शेजारी बसतंच. "काय गं, पोरांचं काही नवीन?" लोकांना वाटतं, मी किस्से गोळा करते. अहो, मी कशाला गोळा करू? पंख्यावरची धूळ कोणी गोळा करतं का? ती आपोआप साचते आणि एक दिवस डोळ्यांत जाते.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर आमची बालवाडी आहे. चार-पाच वर्षांची तीस पोरं, मी, आणि मदतीला सुलभामावशी. मावशी मूळच्या कणकवलीकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत काढूनही मालवणी सोडलेली नाही. मी पोरांना संख्या, काळ, खरं-खोटं असल्या मोठमोठ्या गोष्टी शिकवते. म्हणजे तसं माझ्या वहीत लिहिलेलं असतं. मावशींचं मत वेगळं आहे. "बाई, तुमी पोरांका शिकवतास, काय पोरा तुमका शिकवतत?"

* * *

पहिल्या आठवड्यात मी रांग शिकवते. फिल्टरपाशी पाणी प्यायला झुंबड उडाली होती. मी ओरडले, "सगळ्यांनी रांग करा!"

कोणी हलेना. मग शौनक नावाचा आमचा एक नग पुढे आला. "टीचर, कुठली रांग? नवसाची की मुखदर्शनाची?"

लालबागच्या पोराला गणपतीमुळे रांगेचे प्रकार आईच्या पोटातूनच ठाऊक असतात. मी म्हटलं, बाबांनो, इथे फक्त पाणी आहे, एकच रांग. दहा मिनिटं समजावलं. "जो आधी आला तो आधी पिणार. लहान-मोठा कोणी नाही. कळलं?" "हो टीचर!" रांग लागली. मला अगदी भरून आलं.

तेवढ्यात शौनकने शेवटच्या पोराचा हात धरला आणि त्याला बाजूने थेट नळापाशी नेऊन उभं केलं.

"ए, हा मध्ये कुठे?"

"टीचर, ह्याचे पप्पा कार्यकर्ते आहेत!"

* * *

आता ओवीबद्दल सांगते. ओवीला शाळेत रोज आजोबा सोडायचे. दारात चपला काढायच्या आधी तिने त्यांच्या गालाची पापी घ्यायची, मग त्यांनी तिच्या, असा तो सोहळा असायचा. फेब्रुवारीत आजोबा अचानक गेले. हार्टअटॅक. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आठवड्याने ओवी शाळेत आली. तिची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, तिला सांगितलंय आजोबा गावाला गेलेत. तुम्ही पण तेच सांगा हां, प्लीज."

"अहो, पण मे महिन्यात तुम्ही गावाला जाता ना? तिकडे ती त्यांना शोधणार नाही का?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. लहान आहे हो ती. तिला काय कळतंय!"

'तिला काय कळतंय' हे वाक्य मी ह्या दारात इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं की माझं डोकं सणकतं. त्याच दुपारी ओवीने मला विचारलं, "टीचर, आजोबा गावाला गेले तर त्यांच्या चपला घरी कशा?"

मी म्हटलं, "आईला विचार हं."

दुसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं. "आई म्हणाली, त्यांनी नवीन घेतल्या." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला त्या बाईचा इतका राग आला! पोर आज ना उद्या गावी जाऊन घर, अंगण, मागचा गोठा धुंडाळणार. आजोबा सापडणार नाहीत आणि त्यानंतर ती कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार?

* * *

वेदिका कोळ्यांची. तिची आजी दादरला मासे विकते आणि सुट्टीच्या दिवशी ही तिच्याशेजारी पाटावर बसते. मी तिच्यापुढे पाच चिंचोके ठेवले.

"किती आहेत?"

"एक."

"नीट मोज, राणी."

तिने एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून नीट मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच."

"शाब्बास! मग किती झाले?"

"एक वाटा."

हे असं चार दिवस चाललं. मासळीबाजारात पाच बोंबील ठेवा नाहीतर आठ, ढीग लावला की तो एक वाटा. हे तिच्या डोक्यात सिमेंटसारखं बसलेलं! शेवटी मी दोन चिंचोके उचलले आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "आणि आता? आता किती राहिले?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "एकच वाटा. पण आता गिऱ्हाईक नाय घेणार."

* * *

मार्चमध्ये 'खरं की खोटं' हा धडा असतो. माझा आवडता. मी वाक्य बोलायचं, पोरांनी ओरडायचं.

"मासे झाडावर राहतात!"

"खोटं!"

"टीचरला शेपटी आहे!"

ह्यावर शौनक म्हणाला, "थांबा. आधी मागे वळा."

वळले! काय करणार? तीस पोरांनी नीट खात्री करून घेतली आणि मग निकाल दिला, खोटं. त्यानंतर मी म्हटलं, आता एकेकाने यायचं आणि स्वतःचं वाक्य सांगायचं. वेदिका म्हणाली, पापलेटला पाय असतात. शौनक म्हणाला, मी आज आंघोळ केली. (खोटं!) मग ओवी उठली. फ्रॉकचं टोक हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "माझे आजोबा गावाला गेलेत."

ओरडायचं सोडून पोरंसुद्धा माझ्याच तोंडाकडे बघायला लागली. सतरा वर्षं मी हे शिकवतेय आणि मी वळून फळा पुसायला लागले.

"खरां गो बाय माझ्या," दारातून मावशी म्हणाल्या.

ओवी त्यांच्याकडे बघत बघत जागेवर जाऊन बसली. शाळा सुटल्यावर मी मावशींवर भडकले. एवढ्या पोरांसमोर, खरं-खोटंच्या धड्यात तुम्ही चक्क खोटं बोललात! मावशी डबे आवरत होत्या. "मगे काय सांगूक होया होतां? तुमीच सांगा."

त्यामुळे मी आणखीच चिडले.

* * *

शौनकला काळ कळत नाही. काल, आज, उद्या असा तक्ता मी स्वतः रंगवून भिंतीवर लावलाय. बोलून बोलून घसा बसला. पण त्याच्या घरी वेगळंच कॅलेंडर आहे. त्यांची चाळ पाडून टॉवर होणार, हे त्याच्या बापाच्या लग्नाआधीपासून ठरलेलं आहे. त्यामुळे सायकल, कुत्रा, वेगळी खोली, सगळं टॉवर झाल्यावर!

"शौनक, डबा संपव."

"टॉवर झाल्यावर."

"शौनक, खेळणी उचल."

"टॉवर झाल्यावर, टीचर."

शेवटी त्याच्या पप्पांना बोलावून घेतलं. चांगलं सुनावलं. म्हटलं, तुमच्यामुळे मुलाला वेळेची कल्पनाच येत नाहीये. घरी त्याच्याशी नीट, आज-उद्या असं बोला. गृहस्थ भले. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"बरोबर आहे टीचर. त्याच्याकडे लक्ष द्यायचंच आहे. एकदा टॉवर होऊ दे!"

* * *

मे महिना माझा काही सुखात गेला नाही. पन्हं पिताना, पापड वाळत घालताना ओवी डोळ्यांसमोर यायची. आता पोचली असेल, आता शोधत असेल. तिच्या आईला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिने आंब्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि ठेवून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली. ओवीला सोडायला आजी आली होती. ती दारातच मावशींशी गावच्या गप्पा मारत उभी राहिली. मी ओवीला जवळ घेऊन बसले.

"काय ओवी, गावाला मजा आली?"

"हो. विहिरीत कासव आहे." मग म्हणाली, "आजोबा नव्हते तिथे."

"हो का?"

"काकीला विचारलं. काकी म्हणाली, आजोबा मुंबईला गेलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुंबईचे त्यांना गावाला पाठवतात आणि गावचे मुंबईला! अरे, काही लाज? बास झालं. आई रागावली तर रागावू दे, शाळेतून नाव काढलं तर काढू दे, पण आज ह्या पोरीला मी खरं सांगणार. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ओवी, बाळा, ऐक. मी तुला काहीतरी सांगणार आहे."

तिने एकदा दाराकडे, आजीकडे बघितलं. मग माझ्या कानाला तोंड लावून अगदी हळू म्हणाली,

"टीचर, ह्यांना कोणालाच माहीत नाहीये. तुम्ही पण नका सांगू हां. आजी रडेल."