खारावलेले कंद
किरिबातीच्या एका बेटावर राहणाऱ्या तेबानोने मुलीच्या लग्नासाठी जमिनीतल्या गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यात मोठाल्या कंदांचं अळू लावलं होतं. पश्चिमेचा वारा सुटला आणि भरतीचं पाणी खड्ड्यात शिरलं. पावसाचा तर कित्येक महिने पत्ता नव्हता. तेबानो काठावर डोकं धरून बसला.

“दाजी, समुद्रानं मीठ घालून दिलंय, आता शिजवायचं तेवढं राहिलंय,” मेहुणा इताया म्हणाला.

“थट्टा सुचतेय तुला! लग्न पुढच्या वर्षी आहे.”

“तोवर कंद कुजतील. लग्नच अलीकडे ओढा की.”

तेबानोने मुलीला विचारलं. तिची ना नव्हती. त्याच आठवड्यात गावजेवण झालं. कंद कोवळे होते, पण कुणी नावं ठेवली नाहीत. जेवणं आटोपल्यावर तेबानो खड्ड्यातलं खारं पाणी उपसायला गेला.