‘येड्या’ म्हणायची बंदी

"मॅडम, तो म्हनते, मी त्याचा बापच नही."

रामदासभाऊ दारातच उभे होते. टोपी हातात, चपलांना मळ्यातला चिखल, आणि चेहरा असा की मी तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला. बहादरपुरचे केळीवाले शेतकरी. आवाज एवढा खणखणीत की ते ओपीडीत शिरले की पलीकडे दातांच्या डॉक्टरांनाही कळायचं. त्या दिवशी तोच आवाज पार बसला होता.

"कोण, पंकज म्हणतो?"

"हो ना. कालपासून गोळी घेऊन नही राहिला. म्हनते, तुम्ही कोन मले गोळी देनारे? माझे मायबाप कुठी ठेवले ते आधी सांगा."

मी त्यांना आत बसवलं. तुम्हालाही थोडं मागचं सांगते, नाहीतर काही उमगणार नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गोळ्या देत नाही, बोलते. बोलायची मला लहानपणापासून हौस, सरकारने फक्त पगार लावला. त्या वर्षांत मनाचे आजार वेगळ्या इस्पितळांतून काढून साध्या जिल्हा रुग्णालयात मिसळायचं चाललं होतं. मिसळणं म्हणजे काय, तर मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात आम्हाला दातांच्या विभागाला लागून एक खोली मिळाली. फायदा मात्र झाला. आधी लोक लपतछपत इंदूरला जायचे, आता उघड यायचे. कोणी ओळखीचं भेटलंच तर गालाला हात लावून उभे राहायचे.

माझं काम सायकोसिसच्या नव्या पेशंटांचं. सायकोसिस म्हणजे मनाचा आणि बाहेरच्या जगाचा ताळमेळ सुटतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, साध्या गोष्टींत आपल्याविरुद्ध कट दिसतो. आजार कोवळा असतानाच उपचार सुरू झाले तर पोरगं परत कॉलेजात, शेतात, चार माणसांत येण्याची आशा पुष्कळ जास्त. याला अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात. घरगुती भाषेत सांगायचं तर, बोभाटा व्हायच्या आत गाठणं.

पंकज असा वेळेत गाठलेला पोरगा होता. (नाव बदललंय. ही गोष्ट लिहायला त्याची परवानगी आहे, एका अटीवर. ती शेवटी सांगते.) बीएस्सीला होता. बसमधली पोरं आपल्याबद्दलच बोलतात म्हणून कॉलेज सोडलं. मग खोलीत एकटा असतानाही ती पोरं बोलायला लागली. त्याची आई सुमनबाई भारी हुशार बाई. पोरगा कानात कापूस घालून जेवायला बसतो हे पाहिलं आणि कोणाला न विचारता त्याला रिक्षात घातलं. ‘कान दुखतो’ म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी कान पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि व्हरांडा ओलांडून स्वतः आमच्याकडे सोडून गेले. मिसळण्याचा हा दुसरा फायदा.

गोळ्या सुरू झाल्या. आवाज हळूहळू मागे सरले, झोप आली, भूक लागली. माझ्याशी बोलायला लागला. सुरुवातीला माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडशी बोलायचा, मग माझ्याशी. मला तो फार आवडायचा, हे उघडच सांगते. सगळे पेशंट सारखे असतात असं म्हणायची आमच्यात रीत आहे. म्हणायची.

मग घरच्यांची मीटिंग. आमच्याकडे एक शब्द आहे, एक्सप्रेस्ड इमोशन. म्हणजे घरात पेशंटवर होणारी टीका, चिडचिड आणि नको तेवढी काळजी. ती वाढली की आजार उलटायची भीती वाढते. म्हणून मी आईला, वडिलांना, काकांना समोर बसवून सांगितलं, "ओरडू नका. टोमणे मारू नका. आणि घरात ‘येडा’ हा शब्द तर बिलकुल नको."

रामदासभाऊंनी आवंढा गिळला होता. मला वाटलं, पोराच्या काळजीने.

आणि आता हे. पोरगा सुधारत असताना अचानक म्हणतो, हे माझे आईबाप नाहीत.

मी आमच्या सायकिएट्रिस्ट साहेबांकडे गेले. साहेब इंदूरचे, हिंदीवाले, माणूस चांगला पण घाईचा.

"क्लासिक कॅपग्रास है, मॅडम," ते म्हणाले. आपल्या माणसांच्या जागी कोणी सोंगाडे येऊन बसलेत असं वाटण्याला कॅपग्रास म्हणतात. "ऊपर से दवा भी बंद. इंदौर भेज दो, भर्ती करेंगे."

"साहेब, तो आपल्या पायाने नाही जायचा."

"तो जीप में बिठाकर ले जाएँगे. घरवाले पकड़ लेंगे."

तिथेच माझं पित्त खवळलं. पोरगा म्हणतोय हे घरचे नाहीत, आणि तेच घरचे धरून त्याला जीपमध्ये कोंबणार? मग जन्मात तो कोणाच्या हातची गोळी घ्यायचा नाही. नव्या पेशंटचा पहिला विश्वास हीच आमची सगळी पुंजी. ती गेली की पोरगा गेला.

"सोमवारपर्यंत द्या मला. घरी जाऊन बघते."

"सोमवार तक. गोली नहीं ली तो भर्ती, फिर बहस नहीं."

"नाही करणार," मी म्हटलं. साहेब हसले, कारण मी बहस करणार नाही हे त्यांना खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून बहादरपुरला गेले. घर मळ्यातच, ओट्यापासून केळीची बाग सुरू. पंकज ओट्याच्या टोकाला पाठ फिरवून बसलेला. घरात पाऊल टाकलं आणि मला आधी वाटलं, इथे कोणी गेलंय की काय. टीव्ही बंद. काका कोपऱ्यात हात जोडल्यासारखे बसलेले. सुमनबाई पावलांचा आवाज होऊ न देता चालत होत्या. आणि रामदासभाऊ पोरापाशी जाऊन अतिशय हळू, मधाळ आवाजात म्हणाले,

"पंकजजी, तुम्ही चहा घेनार का?"

मी थक्क. पंकजजी?

पंकजने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, बघा, हे ते नव्हेतच.

सगळ्यांना आत पाठवून मी त्याच्या शेजारी बसले. "काय बदललंय, मला नीट सांग."

"मॅडम, सच बोलू का? ये लोग वो नहीं हैं. शकल तीच आहे. पन आमचे आबा मले ‘तुम्ही’ म्हनतात. आबा पटवाऱ्याले पन ‘तू’ म्हनतात, मॅडम. माय विचारते, भाजी आवडली का? आजपर्यंत कधी विचारलं नही, ताटात पडलं ते खा म्हने. काका मी आलो की गप. टीव्हीची मॅच सुरू असली तरी बंद. अब बताओ, शक नहीं आएगा?"

मी विचार केला. माझ्या घरात हे सुरू झालं असतं तर मलाही शक आला असता.

आमच्या कामात पेशंटबरोबर बसून पुरावा तपासतात. एरवी पुरावा कच्चा निघतो. इथे पोराचा पुरावा सोळा आणे पक्का होता. घरचे बदललेलेच होते. चुकत होतं ते फक्त त्याचं कारण.

"बरं, तुझे खरे आबा इथे असते तर आत्ता काय म्हणाले असते?"

तो बागेकडे पाहत राहिला. "‘ए येड्या, बसला काय बुजगावन्यासारखा, ऊठ’ असं म्हनले असते." मग हळूच म्हणाला, "त्यांची लई याद येऊन राहिली, मॅडम."

खरे आबा दहा पावलांवर दाराआड उभे होते.

आत जाऊन विचारलं तेव्हा सुमनबाईंनी सांगितलं. "येड्या त्यांच्या तोंडातच आहे मॅडम. पंकजले येड्या, बैलाले येड्या, सुरू होत नही त्या मोटारपंपाले येड्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मलेबी येडे म्हनले. तुम्ही बंदी केली तं त्याहीले बोलताच येऊन नही राहिलं."

बंदी एका शब्दावर होती. पण या माणसाची सगळी माया त्या एका शब्दातून वाहायची, त्यामुळे तीही अडून बसली. आणि हे घर काही अर्धवट करणारं नव्हतं. मॅडमनी टीका नको सांगितली ना, मग सरळ आदरच सुरू केला.

"रामदासभाऊ," मी म्हटलं, "बंदी उठली. त्याला पहिल्यासारखी हाक मारा."

त्यांनी मान हलवली. "नही जमनार, मॅडम."

"का?"

"पहिले त्या शब्दात काही नव्हतं. रिकामा होता." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "आता पोराले खरंच... आता तो शब्द मी कसा काढू तोंडातून? लोक मागून तेच म्हनतात त्याले. मी बाप असून म्हनू?"

त्या भरदार माणसाने टोपीने डोळे पुसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "लोक म्हणतात तो वेगळा शब्द, भाऊ. तुमचा वेगळा. त्याला फरक कळतो. तो तुमच्या शब्दाची वाट बघतोय."

रामदासभाऊ उठले. ओट्यावर गेले, पोरासमोर उभे राहिले, आणि शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे म्हणाले, "ए... येड्या."

पंकज त्यांना नीट न्याहाळत होता. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, ये आपने सिखाया."

झालं. होतं तेही गेलं. आता मीसुद्धा कटात सामील. डोळ्यांसमोर सोमवारची जीप दिसायला लागली. पोरगा उठून घरात निघाला. रामदासभाऊ कावरेबावरे होऊन मागे सरकले, बागेला पाणी देणाऱ्या ड्रिपच्या पाइपावर पाय पडला, जॉइंट निसटला आणि पाण्याचा फवारा थेट त्यांच्या धोतरावर. पुढचं पाऊल सुमनबाईंनी वाळत घातलेल्या पापडांकडे.

"ए येड्या!" बागेतली पाखरं उडाली. "बघून काय राहिला बे, व्हॉल बंद कर! व्हॉल! तो नही, येड्या, पलीकडचा!"

पंकज धावला. धावताना त्याने विचारही केला नाही, पायच धावले. पलीकडचा व्हॉल बंद केला. पाणी थांबलं. रामदासभाऊंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

पंकज निथळत परत आला. बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाय तुम्ही दिला पाइपावर," तो म्हणाला, "अन येडा मी?"

आणि मग त्याला रडू फुटलं. "आबा, कुठी गेले होते तुम्ही?"

रामदासभाऊंनी त्याला ओल्या कपड्यांनिशी छातीशी धरलं. "इथीच होतो रे येड्या. इथीच होतो." काका रडत होते, सुमनबाई रडत रडत पापड उचलत होत्या. माझ्याबद्दल मी काही सांगत नाही.

चहा झाल्यावर गोळी सुमनबाईंनीच आणली. "घे," त्या म्हणाल्या. आवडेल का, घेशील का, काही नाही. त्याने घेतली.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पंकजला स्वतः तपासलं, डोस तोच ठेवला, इंदूर रद्द केलं. वर मला म्हणाले, "मॅडम, ये ‘येड्या’ का डोस कितना रखना है?" मी म्हटलं, "बापाला ठरवू द्या, साहेब."

हाकेने आजार बरा झाला असं कोणी समजू नये. आजार गोळ्यांनी आटोक्यात आला आणि पुढे बराच काळ त्या चालल्या. हाकेने फक्त गोळी घशाखाली गेली. पण गोळी घशाखाली जाणं हे आमच्या धंद्यातलं अर्धं काम आहे. तेव्हापासून घरच्यांना काय बोलू नका हे सांगण्याआधी मी विचारते, याला हाक काय मारता? आणि ती तेवढी शाबूत ठेवते.

पंकजने डिग्री पूर्ण केली, एक वर्ष उशिरा. आता केळीच्या रोपांची नर्सरी चालवतो. त्याचं लग्न इच्छापुरच्या मुलीशी ठरलं. मुलीला आजाराचं सगळं त्याने माझ्यासमोर सांगितलं. ती म्हणाली, माझ्या मामाला शुगर आहे, तोही रोज गोळी खातो. साखरपुड्याला मला मानाने बोलावलं होतं. व्याह्यांसमोर रामदासभाऊ नवी टोपी घालून अगदी अदबीने बसले होते. नारळ द्यायची वेळ आली तेव्हा घसा साफ करून म्हणाले, "पंकजजी, तुम्ही जरा इकडे या."

पंकज उठला, वाकून बापाच्या कपाळाला हात लावला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "आबा, आज गोळी घेतली ना?"

हा प्रसंग गाळायचा नाही, हीच त्याची अट होती.