"पंखा आजच काढून न्या"

आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. सत्तरच्या दशकात, रिटायर होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एका दुपारी तिचा डोळा लागलाय असं समजून मी आणि दादा शेजारच्या खोलीत बोलत बसलो होतो. पंखा कुणी न्यायचा, रेडिओ कुणाकडं, शिलाई मशीन कुणाच्या बायकोला. बोलता बोलता आमचे आवाज चढले.

"पोरांनो, हिकडं या."

आईची हाक ऐकून आम्ही तिच्या खाटेपाशी गेलो. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पंखा आजच काढून न्या," ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता. "मला आता लागणार न्हाय. मी वर तुमच्या बाबांकडं निघालेय. तुमी मागनं येणार का, तेवढं सांगा."

गिरणीत लागल्यापासून मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. मेल्यावर काही उरत नाही, असं चहाच्या टपरीवर मीच मित्रांना ठासून सांगायचो. आणि आई तर दुधनीची एस.टी. धरायची असल्यासारखं विचारत होती.

दादा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. ती माझ्याकडंच बघत राहिली.

"येईन," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी ती गेली. तिचं मन राखायला तसं म्हणालो, असं मी पुढं कित्येकांना सांगितलं. पण म्हणताना ते मला खोटं वाटलं नव्हतं, आणि त्याचाच धक्का सगळ्यात मोठा होता.