मिठाच्या रानातला दिवा

माझे सासरे फौजेतून सुभेदार होऊन आले ते सरळ उसात घुसले. कृष्णाकाठचं काळं रान, पाणी हाताशी. कितीही सोडलं तरी त्यांना थोडंच वाटायचं. पुढं व्हायचं तेच झालं. रानावर मिठाचा पांढरा थर आला आणि ऊस बसला. बांधावरचं गुऱ्हाळ बंद पडलं, रस आटवायची काहील पालथी झाली. गरम गुळासाठी रोज जमणारी माणसं वाट बदलून जायला लागली. मामंजी सकाळ-संध्याकाळ मिठाला फौजी शिव्या घालायचे.

मी माधवनगरला शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी केलेली एक पेटी घरी आणली, तिथंच माझी मती फिरली होती. पेटीत पातळ पडदे. पडद्याच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गोडं. खाऱ्यातलं मीठ गोड्याकडं धावतं, पडदे त्याला वाटून वाटून सोडतात आणि त्या ओढीतनं जराशी वीज निघते. जराशी म्हणजे हरभऱ्याएवढा लाल दिवा. मामंजींनी सगळं ऐकून एकच विचारलं, "आपलं मीठ चालंल का?"

चालेना. रानाच्या चरात साचलेलं पाणी मिठाला पातळ पडलं. मग या माणसानं काहील सरळ केली, चुलवाण पेटवलं आणि खारं पाणी आटवायला घेतलं. पाक बघावा तसा थेंब बोटावर घेऊन बघत होते. ते पाणी पेटीत ओतलं आणि भर दुपारी दिवा लागला. उन्हात दिसेना, म्हणून टोपीची सावली करून बघितला. एवढ्याशा दिव्यासाठी गाडीभर लाकूड जाळलंत, असं मी म्हणाले तर उत्तर आलं, "फौजेत असलं इचारत न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून लोक दिवा बघायला यायला लागले. चहा अर्थातच माझ्या बोकांडी.

अशात गावानं जमिनीखालून निचऱ्याचे पाईप घालायचं ठरवलं. खारं पाणी ओढ्याला जाणार, रानं परत पिकणार. आमचं रान ओढ्याच्या कडेला. त्यातनं पाईप गेल्याशिवाय वरच्या कुणाचंच पाणी निघणार नव्हतं. सगळे तयार झाले आणि मामंजी म्हणाले, "न्हाई. माझं मीठ मी देणार न्हाई."

मी तडकलेच. "आवं मामंजी, ज्या मिठानं रान खाल्लं त्याची आता राखण करताय व्हय? त्या दिव्यापायी सगळ्यांची रानं मारणार तुमी?"

ते चुलवाणातली राख ओढायला लागले. "दिव्याचं काय घिऊन बसलीस," म्हणाले. "ऊस हुता तवा माणसं यायची. मीठ आलं, कोण फिरकलं न्हाई. दिवा लागला, परत आली. आता मीठ गेल्यावर मी यकटाच बसू व्हय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणाले, "पाईपचं तोंड आपल्याच बांधावर उघडणार हाय. सगळ्या शिवाराचं मीठ आपल्या दारातनं जाईल. लागंल तेवढं घ्या."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग खणा म्हणावं."

पाईप पडले. मामंजी त्या तोंडासमोर खुर्ची टाकून बसले, येणाऱ्या पाण्याची हजेरी घेतल्यासारखे. दिवा कुणाच्या मिठावर लागतोय यावरून शेजाऱ्यांत भांडणं लागली. ज्यांनी मिठापायी कपाळ बडवलं होतं, तेच आता आमचं मीठ कडक म्हणून मिशा पिळायला लागले.

पावसाळे गेले तसं रान निवळलं, ऊस उभा राहिला. गुऱ्हाळ लावायचं तर काहील एकच. मामंजींनी ती स्वतः राखेनं घासली आणि पेटी बांधावर कोरडी पडली. गुळाच्या पहिल्या आधणाला सगळं शिवार जमलं. मी हळूच विचारलं, "मामंजी, दिवा लावायचा न्हाई?"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माणसं आल्यात की."

गूळ चांगलाच खारट झाला होता. तरी सगळ्यांनी परत मागून घेतला.